छत नसलेली खोली

२०१८ साली इंग्लंडमध्ये एकाच वाटेवर चालणाऱ्या दोन लेखिकांची दोन पुस्तकं आली. वाट म्हणजे साउथ वेस्ट कोस्ट पाथ. सॉमरसेटमधल्या माइनहेडला ती सुरू होते, डेव्हन आणि कॉर्नवॉलचा किनारा धरून इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला वळसा घालते आणि डॉर्सेटमध्ये पूल हार्बरपाशी संपते. लांबी ६३० मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या जरा वर. समुद्राकाठची वाट म्हणून सपाट असेल असं वाटतं, पण ती सतत कड्यावर चढते आणि खाडीत उतरते. सगळे चढ एकत्र मोजले तर एव्हरेस्टची उंची जवळपास चार वेळा भरते.

पहिलं पुस्तक रेनर विन यांचं 'द सॉल्ट पाथ'. घर गेलंय, नवऱ्याला मेंदूचा असाध्य आजार असल्याचं नुकतंच कळलंय, आणि दोघं पाठीवर तंबू टाकून चालायला लागतात. चालता चालता नवऱ्याची तब्येत सुधारते. या पुस्तकाच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या, जिलियन अँडरसन आणि जेसन आयझॅक्सला घेऊन सिनेमा निघाला. दुसरं पुस्तक कॅथरीन मे यांचं 'द इलेक्ट्रिसिटी ऑफ एव्हरी लिव्हिंग थिंग'. यातली बाई चालायला लागते तेव्हा आपण का थकलोय हे तिला माहीत नसतं. चालण्याच्या काळातच तिला कळतं की आपण ऑटिस्टिक आहोत. ती बरी होत नाही. ६३० मैल पूर्णही होत नाहीत. या पुस्तकावर सिनेमा निघाला नाही.

जुलै २०२५ मध्ये 'द ऑब्झर्व्हर'ने 'द सॉल्ट पाथ'वर शोधवृत्त छापलं. घर नेमकं कसं गेलं आणि पुस्तकात सांगितलाय तसा आजाराचा प्रवास शक्य आहे का, असे दोन्ही प्रश्न त्यात होते. विन यांनी ते वार्तांकन दिशाभूल करणारं असल्याचं म्हटलं आणि आपली बाजू मांडली. त्या वादात कोण खरं हे इथे बसून मी ठरवणार नाही. माझा प्रश्न वाचकांबद्दल आहे, त्यात मीही आलो. 'चाललो आणि बरा झालो' ही गोष्ट आपल्याला इतकी का हवी असते? आणि तीच वाट चालून 'चालले आणि मी कोण आहे ते दिसलं' असं म्हणणारं पुस्तक दुसऱ्या फळीत का राहतं?

कॅथरीनचं पुस्तक मी का वाचलं ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, मला एडीएचडीचं निदान झालं. ऑटिझम माझा नाही, त्यामुळे तिच्या अनुभवावर मी मालकी सांगत नाही. पण निदानानंतर जो तो मला एकच सल्ला देत होता: ट्रेकला जा. मॅनेजर, आत्या, जिममधला मुलगा, सगळे. राजगड कर, सगळं विसरशील. राजगड मी तीनदा केला होता. विसरण्यात मी आधीच तरबेज होतो, तक्रारच ती होती. मग निसर्ग आणि मन यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो, आणि त्या ढिगात हे पुस्तक हाताला लागलं.

सुरुवात २०१५ च्या ऑगस्टमध्ये होते. कॅथरीन तेव्हा साधारण अडतीस वर्षांची आहे. नवरा आहे, त्याला ती पुस्तकभर फक्त 'एच' म्हणते. लहान मुलगा आहे, बर्ट. आई झाल्यापासून तिला सगळंच झेपेनासं झालंय: आवाज, स्पर्श, वाढदिवसाच्या पार्ट्या, शाळेच्या फाटकापाशी इतर आयांशी करायच्या गप्पा. तिला एकटं राहायला वेळ हवाय आणि चालणं हे त्यासाठी सांगण्यासारखं कारण आहे. मग एकदा गाडी चालवताना रेडिओवर अॅस्पर्जर सिंड्रोमबद्दलचं बोलणं तिच्या कानावर पडतं. ते दुसऱ्या कुणाचं वर्णन म्हणून ती ऐकत असते आणि ऐकता ऐकता ते तिचंच निघतं.

इथे पुस्तक एक धाडस करतं, ते पहिल्या वाचनात माझ्या लक्षात आलं नव्हतं. या प्रकारच्या पुस्तकांचा ठरलेला साचा असा: शहरात दुःख, वाटेवर कष्ट, शेवटी टोकावर उभं राहून क्षितिजाकडे पाहणं. यातला साक्षात्काराचा क्षण मात्र कड्यावर येत नाही, समुद्राकडे पाहताना येत नाही. तो गाडीत, स्टिअरिंगवर हात असताना येतो. निसर्गाने तिला काहीच सांगितलेलं नाही. मग ६३० मैलांचं काम काय?

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, एकच. सर्व्हरवर भरपूर लोड असताना एखादा दोष सापडत नाही, कारण एकाच वेळी दहा गोष्टी अडखळत असतात. मग बाकीच्या सेवा एकेक करून बंद करायच्या आणि पाहायचं, काय उरतं. वाट कॅथरीनसाठी हे करते. चेहरे वाचायचे नाहीत. कुणाच्या वाक्यानंतर किती क्षणांनी हसायचं ते मोजायचं नाही. दुकानातले दिवे नाहीत. पाय कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न. एवढं सगळं बंद केल्यावर जे उरतं ती आपणच असतो, हे तिला दिसायला लागतं. म्हणून रेडिओवरचं वाक्य आत पोचू शकतं. घरात त्याच आठवड्यात ते ऐकलं असतं तर भांडी घासता घासता निसटून गेलं असतं, असं मला वाटतं. तसं ती कुठे म्हणत नाही, हे माझं वाचन.

पुस्तकाच्या नावातली वीज इथली आहे. माणसांचा स्पर्श, जवळ असणं, खोलीतली वर्दळ हे सगळं तिच्या अंगावर विजेसारखं येतं. प्रत्येक जिवंत गोष्टीत प्रवाह आहे आणि तो तिच्यात शिरतो.

आता मराठीत आपण ऑटिझमला काय म्हणतो पाहा: स्वमग्नता. भाषांतर म्हणून त्यात चूक नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी मूळ शब्द घडवला, तोही 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच. पण 'स्वमग्न' म्हटलं की डोळ्यासमोर येतो स्वतःत बुडालेला, जगाची दारं लावून बसलेला माणूस. कॅथरीनची अडचण बरोबर उलटी आहे. तिला दारं लावताच येत नाहीत. जग सगळीकडून आत येतं म्हणून तिला पळावं लागतं, आणि ते पळणं बाहेरून पाहणाऱ्याला स्वमग्नतेसारखं दिसतं. शब्द बदलून काय होणार, असं कुणी म्हणेल. पण उपचार शब्दावरून ठरतात. स्वतःत बुडालेल्याला बाहेर ओढायचं असतं, चार लोकांत मिसळवायचं असतं. ज्याच्यावर जग कोसळतंय त्याला आधी आडोसा द्यायचा असतो.

ब्रिटिश संशोधक लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ९२ ऑटिस्टिक प्रौढांना विचारलं की तुम्ही लोकांत स्वतःला लपवता का, कसं आणि कशासाठी. डोळ्यांत पाहण्याची सक्ती स्वतःवर करणं, आधी ठरवलेली वाक्यं बोलणं, समोरच्याचे हावभाव उतरवून घेणं, अशी ती यादी आहे. नोकरी टिकावी, मैत्री जमावी, टोमणे टळावेत म्हणून ही माणसं हे करतात, आणि त्याची किंमत म्हणून थकून जातात. आता कल्पना करा, अशा माणसाला मदत म्हणून आपण कुठे पाठवतो? एका छोट्या खोलीत, जिथे एक अनोळखी व्यक्ती चार फुटांवर समोरासमोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असते. पन्नास मिनिटं. त्याला जे सर्वांत अवघड जातं तेच आपण मदतीचं प्रवेशशुल्क करून ठेवलंय.

उघड्यावरच्या मानसोपचाराचा मुद्दा मला इथे पटतो, आणि तो झाडांच्या जादूपेक्षा फार साधा आहे. शेजारी शेजारी चालताना नजर मिळवावी लागत नाही. गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही, कारण चालणं चालू असतं. हाताला, पायाला काम असतं. मध्येच पक्षी दिसला म्हणून विषय तुटला तर तो दोष धरला जात नाही. २०२० मध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने बोलून करायचे उपचार बाहेर कसे न्यावेत याबद्दल मार्गदर्शन काढलं. करोनाने दारं बंद केली तेव्हा बऱ्याच जणांना ते हवंच होतं. ब्रायटनचे मार्टिन जॉर्डन यांच्यासारखे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून हे करत होते आणि लिहीत होते. त्यांचं 'नेचर अँड थेरपी' २०१५ चं. खोलीबाहेर पडलं की चौकट कोण सांभाळणार, गुप्ततेचं काय, पाऊस आला तर काय, असे प्रश्न त्यात गंभीरपणे घेतलेत. मला ते 'द सॉल्ट पाथ'पेक्षा जास्त थरारक वाटलं. यात मी अल्पमतात असेन.

माझ्या समुपदेशक मॅडमना मी हे भीत भीत सांगितलं. त्यांच्या केबिनमध्ये एक ट्यूबलाइट बारीक थरथरायची आणि एसी गुणगुणायचा. पहिल्या चार सत्रांत त्या काय बोलल्या त्यातलं निम्मं मला आठवत नाही, त्या ट्यूबचा ताल मात्र आजही हातावर वाजवून दाखवू शकेन. त्या म्हणाल्या, बघू या. मग आम्ही काही महिने सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर चाललो. आधी तीन गोष्टी ठरवून घेतल्या: ओळखीचं कुणी भेटलं तर त्या 'मैत्रीण' म्हणून ओळख करून देणार नाहीत आणि मीही काही सांगणार नाही, दोघं फक्त नमस्कार करून पुढे जायचं. वर चढताना जड विषय काढायचा नाही. आणि वेळ संपली की जिथे असू तिथे थांबायचं. तिसरा नियम ऐकायला विनोदी वाटतो. पण एकदा खरोखरच खाणीच्या कडेला सत्र संपलं आणि आम्ही परतीचा वीस मिनिटांचा रस्ता पावसाबद्दल बोलत आलो.

टेकडीने मला काही बरंबिरं केलं नाही. ऑफिसमध्ये मी आजही तीन टॅब उघडून चौथ्यात हरवतो. पण मी तिथे पहिल्यांदा एक वाक्य शेवटपर्यंत बोललो.

विज्ञान यावर काय म्हणतं, असा प्रश्न येणार. अमेरिकेतल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ च्या पुस्तकात मांडलेली कल्पना अशी: जाणूनबुजून एका जागी धरून ठेवलेलं लक्ष दमतं. पानांची सळसळ, ढग, पाणी यांच्याकडे लक्ष आपोआप आणि हलकेच जातं, तेवढ्यात दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो. एडीएचडीवाल्यांना ही कल्पना ऐकून गहिवरून येतं. २००९ मध्ये आंद्रेया फेबर टेलर आणि फ्रान्सिस कुओ यांनी ती लक्ष न टिकणाऱ्या मुलांवर तपासली. बागेत वीस मिनिटं चालल्यावर त्यांची एकाग्रता शहराच्या मध्यवस्तीत किंवा घरांच्या वस्तीत चालल्यानंतरच्यापेक्षा चांगली होती. हा अभ्यास मला पाच वेगवेगळ्या लोकांनी फॉरवर्ड केला. मुलं किती होती? १७. वयं ७ ते १२. अभ्यास वाईट नाही, चांगला आहे. पण त्याच्या खांद्यावर तिशीतल्या माणसांची आख्खी निसर्गोपचार बाजारपेठ उभी करायची तर ते खांदे फार लहान आहेत.

आणि बाजारपेठ आहेच. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकु' हा शब्द चालवला, तेव्हा लोकांनी जंगलात यावं एवढा साधा हेतू होता. आज त्याचीच वनस्नानाची पॅकेजेस विकली जातात. इंग्लंडमध्ये सरकारने २०२१ मध्ये सात ठिकाणी हिरव्या उपक्रमांची 'चिठ्ठी' देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू केला. बागकाम, चालण्याचे गट वगैरे. या प्रयोगाला मी हसत नाही. पण चिठ्ठी म्हटलं की डोस आला, डोस म्हटलं की गुण आला पाहिजे, आणि गुण आला नाही की दोष रोग्याचा. राजगडचा सल्ला देणाऱ्यांना मी जेव्हा सांगायचो की फार फरक पडला नाही, तेव्हा उत्तर यायचं, मोबाइल घरी ठेवला होतास का?

कॅथरीनच्या पुस्तकावर माझे आक्षेप आहेत. मधला भाग लांबतो. चिखल, चुकलेली वाट, भिजलेले मोजे, पुन्हा चिखल. चालण्याच्या कंटाळ्याचं वर्णन कंटाळवाणं होऊ न देणं अवघड असतं, तिला ते दर वेळी जमत नाही. 'अॅस्पर्जर' हा शब्दही तेव्हाच जुना व्हायला लागला होता: अमेरिकन निदानपुस्तिकेने तो २०१३ मध्येच वेगळं निदान म्हणून काढून टाकला होता. पुस्तक आलं त्याच वर्षी हान्स अॅस्पर्गर यांच्या नाझीकाळातल्या वर्तनाबद्दलचं इतिहासकार हेरविग चेक यांचं संशोधनही छापून आलं. लेखिकेला दोष नाही, पण आज वाचताना ते नाव बोचतं.

मोठा आक्षेप वेगळा आहे. एच. दर वेळी तो तिला वाटेच्या सुरुवातीला सोडतो, दिवसभर मुलाला सांभाळतो, मग पुढच्या गावात तिची वाट पाहत थांबतो. पुस्तकातला खरा आधार हा आहे, आणि लेखिकेची भाषा त्याच्यापाशी आली की घाईत असते. समुद्रासाठी तिच्याकडे परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, पार्किंगमध्ये थांबलेल्या माणसासाठी थोडी वाक्यं. ती कृतघ्न नाही. अपराधीपणा तिला आहे, तो ती मांडतेही. पण पुस्तकाचा प्रकारच असा आहे की त्यात एकटं चालणं दिसतं आणि गाडी दिसत नाही. निसर्गात जाऊन माणसं सावरली असं आपण म्हणतो तेव्हा त्यातली किती जणं सोडायला-आणायला कुणीतरी असल्यामुळे सावरली, हे मोजायला हवं.

याच कारणाने मला डारा मॅकअनल्टीचं 'डायरी ऑफ अ यंग नॅचरलिस्ट' या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतं, जरी तो लिहिताना चौदा-पंधरा वर्षांचाच होता. पुस्तक २०२० चं. त्याच वर्षी निसर्गलेखनाचं वेनराइट पारितोषिक मिळालं. उत्तर आयर्लंडमधलं हे घर असं की आई, डारा, भाऊ, बहीण सगळे ऑटिस्टिक आणि वडील तेवढे नाहीत. डायरीत पक्षी आहेत, शेवाळ आहे, किडे आहेत, आणि दर पानावर घर आहे. कुणीतरी पाठीवर हात ठेवतं, कुणीतरी डबा भरतं, मुलगा ओरडला तर कुणी त्याला गप्प करत नाही. शाळेतली छळवणूक आहे, फर्मानामधून काउंटी डाउनला घर हलवण्याची भीती आहे. पक्ष्यांमुळे ती भीती जात नाही. पक्षी त्याला प्रचंड आवडतात, इतकंच. एकाच गोष्टीत खोल बुडण्याची जी सवय डॉक्टरांच्या कागदावर लक्षण म्हणून लिहिली जाते, ती इथे आनंद आहे. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' किंवा मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून वाढलेल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. एका झाडाकडे वर्षभर पाहत राहणं हे आपल्याकडे कुणी लक्षण मानलं नाही, त्याला व्यासंग म्हटलं.

निसर्गाला औषध करण्याच्या हट्टाविरुद्ध मराठीत एक चांगली गोष्ट आधीच सांगून झाली आहे: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा २००४ चा 'देवराई'. तिथे विषय स्किझोफ्रेनियाचा आहे, तो न्यूरोडायव्हर्जन्सच्या या चर्चेहून वेगळा. पण अतुल कुलकर्णीच्या शेषचं कोकणातल्या देवराईशी जे नातं आहे, त्याला सिनेमा उपाय म्हणत नाही. देवराई त्याच्या प्रेमाचा भाग आहे आणि त्याच्या आजाराचाही. सावरायला बहीण लागते, औषधं लागतात, घर लागतं. वीस वर्षांपूर्वीचा हा सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा जाणवलं की आजच्या कितीतरी इंग्रजी पुस्तकांपेक्षा तो या बाबतीत मोठा आहे.

कॅथरीनच्या पुस्तकाचा शेवट काही वाचकांना फसवल्यासारखा वाटतो. वाट अर्धवट राहते, मधे ती केंटमध्ये घराजवळच्या वाटांवरही चालते, आणि टोक गाठल्याचा फोटो नाही. मला तो पुस्तकातला सर्वांत बरोबर निर्णय वाटतो. ६३० मैलांचा आकडा हासुद्धा एक मुखवटाच होता: मी थकलेय असं सांगता येत नाही म्हणून मी मोहिमेवर आहे असं सांगायचं. थकलेय हे सांगता यायला लागल्यावर मोहीम कशाला?

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि टेकडीची वाट निसरडी झाली. मॅडमचा गुडघाही दुखायला लागला होता. आम्ही परत केबिनमध्ये आलो. मी बसायच्या आत त्यांनी ट्यूबलाइट बंद केली, खिडकीचा पडदा सरकवला आणि आपली खुर्ची वळवून माझ्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून ठेवली. बाहेर गुलमोहर आणि त्याखाली स्कूटरी. एसीचा आवाज अजून आहे. पुढच्या वेळी सांगेन म्हणतो.